चार पिना

हर्षाली, तुझा पहिला नंबर दोनशे सत्तेचाळीस.
कागदी. कोपरखैरणेच्या मैदानात
तिसऱ्या फेरीपर्यंत घामाने लगदा झाला त्याचा.
मी बांगडीतल्या पिना काढून लावला होता,
एक वाकडी निघाली, ती खालच्या डाव्या कोपऱ्याला.
तेव्हापासून त्या चार वेगळ्याच ठेवल्या,
शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनशेजारी.
गिऱ्हाइकाला कधी दिल्या नाहीत.

चारशे मीटर हर्डल्स. दहा अडथळे.
मला आठवा आवडायचा नाही,
तिथे तुझा पाय बदलायचा
आणि मी डोळे मिटायचे.
उघडले की तू चौथी.
विद्यापीठात चौथी, राज्यात चौथी.
बाबा म्हणायचे, चौथ्याचा फोटो काढत नाहीत,
पण चौथ्याला घरी लवकर येता येतं.
तू घोट्याला बर्फ लावत हसायचीस.

बी.कॉम. झालीस.
वाशीच्या जिमवाल्याने पंधरा हजार सांगितले,
मामाने बँकेचे फॉर्म आणून ठेवले,
आणि तू मैत्रिणीचं लग्न सांगून
पाच दिवस भोपाळला.
आलीस ती दोन्ही कोपरं सोलून.
कुठल्या लग्नात गो कोपरं सोलतात?

मग सांगितलंस सगळं, जेवता जेवता.
तिथेही नंबर होता, बावीस,
कापडाचा, पुढे-मागे, नाडीने बांधायचा.
"म्हणजे कितवी आलीस?" बाबांनी विचारलं.
"तिथे कितवी नसते, बाबा.
ठेवून घेतात, नाहीतर परत पाठवतात."

आबा कोपऱ्यात भाकरी कुस्करत होते.
घणसोलीची शेती गेली तेव्हा
याच कोपऱ्यात बसून अंगठा दिलेला त्यांनी.
"जमीन नेली, साडेबारा टक्के परत दिली.
हिची किती परत देतील?"
भात निवला ताटांत.
तू म्हणालीस,
"मला कोणी नेत नाहीये, आबा. मी जातेय."

रात्री मी विचारलं, का?
मला वाटलं, देश म्हणशील.
तू बराच वेळ पंख्याकडे बघत होतीस.
"शर्यतीत शेजारची पडली तर थांबता येत नाही, आई.
तीनदा मी तशीच पुढे गेलेय.
एकीचं तर हाड मोडलेलं ऐकू आलं."
मग कूस बदललीस.
"आणि पहाटे चारला जाग येते, तिचं काय करू?"

चेन्नईहून यादी आली.
पांढरे शर्ट, बारा रुमाल, कुलूप, दोन किल्ल्या.
शर्ट मीच शिवले, विकतचे कशाला.
टेप टाकली तर खांदा साडेसोळा.
एवढ्या खांद्याचं ब्लाउज
वीस वर्षांत शिवलं नाही मी कुणाचं.
रुमालाच्या कोपऱ्यात ह. म्हा. काढताना
बोटात सुई गेली, तो रुमाल मागे ठेवला.
अकराच गेले तुझ्याबरोबर. तेरावा शिवायला वेळ होता,
पण नाही शिवला.

निघालीस तेव्हा अंधार. खाडीचा वास
खालच्या टॅक्सीपर्यंत आलेला.
आबांनी खिशात शंभराची नोट कोंबली,
बाबा बॅगेच्या चेनशी उगीच झटत राहिले.
तू गप्प. मी काही विचारलं नाही,
शर्यतीआधी तू बोलत नाहीस, ठाऊक आहे मला.
तू पायरीवर बुटाची नाडी बांधायला वाकलीस
आणि माझा हात सवयीने पाठीवर गेला,
चारी कोपरे चाचपायला, पिना नीट आहेत ना.
नंबर नव्हता.
नुसती पाठ होती,
गरम.