सांधा

नागपुरात बंदर म्हटलं की आधी माकडच आठवतं,
म्हणून जेट्टीवरच्या पाटीला आम्ही सगळे हसलो:
‘जहाज बंदरात असताना चपला काढून आत यावे.’

निळ्या कोटातला पोरगा दाखवत गेला,
हा बार, ही पियानोची जागा, पियानो यायचाय,
ही खास पाहुण्यांची खोली, गोल खिडकी,
खिडकीत अंबाझरीची जलपर्णी
आणि काठावर स्कूटर धूत बसलेला एक माणूस.

आठच खोल्या. प्रत्येकीत चार चार उशा.
“इथं कोन झोपते?” मी विचारलं,
“घर तं अर्ध्या घंट्यावर हाये सगळ्यायचं.”
“मॅडम,” पोरगा म्हणाला, “अनुभव असतो.”

खेमराज मागे मागे, हात खिशात.
तीन ट्रेलरवर तुकडे होऊन आलं होतं हे,
वर्धा रोडनं, ताडपत्रीखाली.
बावीस रात्री त्यानं काठावर बसून जोडलं,
दिवसा झोपायचा
डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून.

पाचव्या खोलीपाशी त्यानं मला थांबवलं.
गालिचा सरकवून पाहिला,
चिकटवलेला होता.
“इथं हाये,” म्हणाला, “पायाखाली.”
मी उघडा तळवा दाबून टेकवला.
काहीच लागलं नाही.
“लागाचंच नाई,” तो म्हणाला.

तेवढ्यात बाकीचे फोटोसाठी
एकाच कठड्याकडे धावले.
जहाज जरासं कललं,
बारमधले पेले किणकिणले,
आणि माझा खेमराज, श्वास धरून,
खालचं ऐकत राहिला.