तोमिंगाची थंडी

तार्तूत, नदीकाठच्या आमच्या वस्तीत
गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
वाटाणा गल्ली, बटाटा गल्ली, घेवडा गल्ली.
टपालवाला नवा असला की हसतो,
दुसऱ्या महिन्यात हसायचं विसरतो.
मी वाटाणा गल्लीत राहते, आणि वाटाणा
माझ्याकडे कधीच धड आलेला नाही.

मार्चमध्ये बाहेर बर्फ,
आत खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून टोमॅटो.
सगळे कोंब काचेकडे माना काढून,
शाळा सुटायच्या आधी पोरं बसतात तसे.
मी रोज डबे फिरवते.
रोज ते पुन्हा वळतात.
हट्टाला हट्ट. चालायचंच.

एप्रिलात नदी आली.
एमायोगी म्हणजे आईनदी,
तिला काय आमंत्रण लागतं?
तळघराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी,
त्यावर एक गाजर
आणि आर्वेदचा डावा गमबूट.
पाणी उतरलं की गाळ राहतो, काळा, लोण्यासारखा.
फुकटचं खत, आर्वेद म्हणायचा.
मग तळघरही फुकट पूस, मी म्हणायचे.
यंदा तळघर मीच पुसलं.
खतही मीच ओढलं, बादली बादली करून,
आणि बूट वाळवून दाराशी ठेवला. डावाच.

रुबार्ब सगळ्यांच्या आधी,
लाल मुठी वळून, भांडायला आल्यासारखा.
मग खाजकुयली पानांची चिडवणी, तिचं सूप.
शेपू मी पेरत नाही.
तो त्याला हवा तिथे येतो,
या वर्षी पायवाटेच्या मधोमध.
मी त्याला वळसा घालून जाते.

कुंपणापलीकडे वाइके.
नऊ वर्षांपूर्वी तिच्या सफरचंदाची एक फांदी
आमच्या गाजरांवर सावली धरायची.
आर्वेदनं ती कापली, न विचारता.
तेव्हापासून बोलणं नाही.
कुंपणाची एक फळी निखळली आहे,
ती कुणी ठोकायची
यावरही बोलणं नाही,
म्हणून ती तशीच.

मेच्या मध्यावर नदीकाठी तोमिंग फुलला,
पांढरा, कडवट वासाचा.
म्हाताऱ्या म्हणतात, तोमिंग फुलला की थंडी
विसरलेली छत्री न्यायला परत येते.
मी स्वतः म्हातारी आहे, तरी ऐकलं नाही.
रोपं लावून बसले होते.
रात्री नऊला रेडिओ म्हणाला, उणे दोन.

चादरी काढल्या. मग टेबलक्लॉथ.
मग आर्वेदचा कोट, टोमॅटोंच्या ओळीवर,
बाह्या पसरून.
आकाशात उजेड अजून रेंगाळलेला,
बाग अशी दिसत होती
की पाहुणे मुक्कामाला आलेत आणि जमिनीवरच झोपलेत.
काकडी उघडीच राहिली.
घरात आता झाकण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा निखळलेल्या फळीच्या फटीतून
एक पडदा आला.
हिरवा, मोठ्या फुलांचा.
ओळखला मी.
याच्याच आडून नऊ वर्षं
ती माझ्यावर नजर ठेवून होती.
पलीकडे हात दिसला, मनगटापर्यंत.
मी पडदा ओढून घेतला. हात गेला.

सकाळी गवत कुरकुरत होतं.
टोमॅटो वाचले.
काकडीची सात रोपं होती, चार गेली.
पडदा काही चमत्कार नसतो,
पातळ सुती कापड असतं ते.
तीन राहिली, त्यांना मी पाणी घातलं,
कोमट करून. असं कुणी करत नाही.

पडदा धुतला, इस्त्री केली,
घडी खुर्चीवर ठेवली. तीन दिवस झाले.
फळीपाशी रुबार्बची जुडी ठेवली होती,
ती संध्याकाळी नव्हती. मांजर रुबार्ब खात नाही.

आता तिची खिडकी उघडीबोडकी.
रात्री दिवा लागला की आतलं सगळं दिसतं:
किटली, चष्म्याचं घर,
आणि कठड्यावर दह्याचे डबे.
तिनं रोपं अजून बाहेर काढलीच नव्हती, शहाणी.
कोंब लांबलेत, फिकट,
सगळे माझ्या बागेकडे वाकलेले.

डबे फिरवत नाही ती.
सांगायला हवं कुणीतरी.