पाय उचलू नका

तलाव गोठला की तुरेचं काम सुरू होतं.
एकतीस हिवाळे तो बर्फ घोटतोय.
दिवसभर गाड्या ओरखडे काढतात,
रात्री हा टँकरने पाणी शिंपडतो, ब्रश फिरवतो,
उणे सव्वीसमध्ये मिशांवर दहिवर घेऊन,
पहाटेपर्यंत तलाव असा,
की चांदण्यालाही धड उभं राहता येऊ नये.
कुणी विचारलं, काय करतोस,
तर म्हणतो, पकड काढून घेतो.
परत द्यायचं काम जर्मनांचं.

यंदा हाइके म्हणाली
(स्टुटगार्टची इंजिनिअर, बोलताना हातमोजे काढते
आणि मग बोटांवर फुंकर घालते),
"तुम्ही कधी आत बसलाच नाहीत?"
नव्हता बसला.

उजवी चाकं तापवलेल्या डांबराच्या पट्टीवर,
डावी त्यानेच काल रात्री घोटलेल्या बर्फावर.
ताशी ऐंशी.
"आता ब्रेक. पूर्ण."
तुरेने दाबला,
सोडला, दाबला, सोडला.
"पाय उचलू नका," हाइके म्हणाली,
"सोडायचं काम त्याचं."

पण पायाला कोण सांगणार?
बापाने याच रस्त्यांवर शिकवलं होतं:
दाब, सोड, दाब, सोड.
थांबलेलं चाक म्हणजे आंधळं चाक,
स्टिअरिंग कुठेही फिरव, ते आपलं नाकासमोर जातं.
दोघा भावांना शिकवलं होतं.
एस्किलला ऐन वेळी आठवलं नाही.
चौऱ्याहत्तरचा मार्च, वळणावर एल्क.
त्याने पाय रोवला, कुणीही रोवेल तसा,
आणि तो रोवलेलाच राहिला.
चाकं थांबली. गाडी कुठली थांबते!
भुरभुरीत बर्फावर दोन सरळ रेघा
बर्चच्या खोडापर्यंत.
तुरे सतरा वर्षांचा.
रेघांच्या कडेकडेने चालत गेला,
त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून.

हाइकेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने काढून दाखवलं:
प्रत्येक चाकाला दातेरी कडं, शेजारी सेन्सर,
समोरून दात जातात, तो मोजतो.
चारांतलं एखादं एकदम मंदावलं
की झडप उघडते, त्या एकाच चाकाचा ब्रेक ढिला.
फिरू लागलं की पुन्हा आवळ.
सेकंदाला पंधरा वेळा, कमीजास्त.
आणि सीटखाली सिलिकॉनचा एक कण सारखा थरथरतो,
गाडी स्वतःभोवती किती वळली ते त्याला कळतं.
स्टिअरिंग सांगतं तुम्हाला कुठे जायचंय,
कण सांगतो तुम्ही कुठे चाललात.
दोघांचं जमेना, तर एखादंच चाक धरायचं:
शेपूट निसटली तर पुढचं, बाहेरच्या अंगाचं,
नाक वळेना तर मागचं, आतलं.
जत्रेत पोराचं मनगट धरून वळवतात तसं.

"आणि पकड?" तुरेने विचारलं. "ती कुठून आणतो?"
"आणत नाही. तुम्ही ठेवली असेल तेवढीच वाटतो."
हे मात्र त्याला पटलं.

दुसरी फेरी. पाय उचलला गेला.
तिसरी. तेच.
चौथ्यांदा त्याने एका हाताने
स्वतःचा गुडघा दाबून धरला,
आणि पेडल खालून बोलू लागलं,
गर्रर्र, तळव्याला ढुशा देत,
कुणी आतून दार ठोठावतंय असं.
गाडी जराशी डोलली, सावरली,
केशरी कोनांना वळसा घालून थांबली.

तो उतरून मागे बघायला गेला.
बर्फावर तुटक तुटक ठिपके, वळत गेलेले.
हाइकेने हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं.
खूप वेळ झाला तेव्हा हॉर्न दिला.

रात्री नऊला त्याने टँकर काढला.
सगळा तलाव घोटला,
ठिपके तेवढे शेवटी ठेवले,
मग तेही घोटले.
घरी जायला जुनी पिकअप,
तिच्यात यातलं काही नाही.
वळणाआधी पाय आपसूक:
दाब, सोड,
दाब.