दहाच्या आत

दर तिमाहीला आकडे राजधानीला पाठवायचे असतात.
तळघरात, बॉयलरच्या शेजारी माझं टेबल.
बावीस वर्षं मी इथे मुलं भरते,
वर्गांत नव्हे, रकान्यांत.

इयत्ता चौथी. वाचन. वंश. घरची भाषा.
दुपारचं जेवण : फुकट, सवलतीत, की पदरचं.
मांसाच्या कारखान्यानं रात्रपाळी सुरू केली
तेव्हापासून ‘पदरचं’मध्ये उरलीत
डॉक्टरांची दोन पोरं आणि माझी नात.

नियम असा :
एखाद्या गटात दहाच्या आत मुलं असली
तर आकडा छापायचा नाही,
मूल ओळखू येऊ नये म्हणून
तिथे चांदणी टाकायची.

सोमाली, चौथी : चांदणी.
कारेन, चौथी : चांदणी.
ग्वाटेमालाच्या डोंगरातून आलेली, किचे बोलणारी :
चांदणी.
नेब्रास्कातला आमचा हा सपाट तालुका,
आणि कागदावर केवढं आभाळ.

मी तर ओळखते ना.
येसेनिया तूम, आईची दुभाषी होऊन
माझ्या खिडकीशी उभी राहते.
‘पगारपत्रक’ तिला तीन भाषांत येतं,
चाचणीत ते विचारलं नव्हतं.
एह सॉ एकेक अक्षर इतकं जपून वाचतो
जणू वाचून झाल्यावर परत करायचंय.

नोव्हेंबरात मतदान झालं :
शाळेसाठी घरपट्टी वाढवायची का?
एकोणीस मतांनी पडलं.
छप्पर पुढच्या वर्षावर गेलं,
संगीताच्या बाई लिंकनला गेल्या, पियानो राहिला.
त्या एकोणिसांत माझा भाऊ ऑर्विल.
‘आपली पोरं शिकली, पांगली. आता कुणासाठी?’

जानेवारीत मू पाव आली, लाल बुटांची,
आणि कारेन दहा झाले.
चांदणी गळाली. खाली आकडा निघाला :
दहापैकी वाचता येणारे दोन.
वर्तमानपत्रानं तेवढंच उचललं, ‘शाळा घसरली’.
ऑर्विलनं कात्रण माझ्या ताटाशी ठेवलं.
‘आपल्या वेळी असं नव्हतं, वर्लीन.’

एकोणीसशे अकराची हजेरी माझ्या कपाटात आहे.
आमच्या आजोबांच्या नावापुढे मास्तरांचा शेरा :
जर्मनखेरीज काही कळत नाही.
मी ते बोलले नाही.
त्याला मटार वाढले.

मार्चमध्ये मू पावच्या वडिलांना आयोवात काम लागलं,
तासाला सव्वा डॉलर जास्त.
दाखला न्यायला ती स्वतः आली,
बूट तेच, चिखलानं तपकिरी.
पुन्हा नऊ.
मी चांदणी परत टाकली.
गट आता सुरक्षित आहे, असं यंत्रानं कळवलं.

वर घंटा झाली.
माझ्या डोक्यावरून पावलं धावत गेली,
कुठल्या रकान्याची कुठली, खालून कळत नाही.
छताचा चुरा पडला की-बोर्डवर.
फुंकर मारली,
पाचवी उघडली.