चार, मग दोन

तापली की बंद पडायची.
थंड असताना शहाण्या पोरीसारखी,
बिबवेवाडीपासून कोंढव्यापर्यंत चकार शब्द नाही,
आणि बोपदेव घाटात तिसऱ्या वळणावर
काटा धाडकन खाली,
मागच्या टेम्पोवाल्याचा आवाज वर.
वीस मिनिटं कठड्यावर बसायचं.
मग किल्ली फिरवली की अशी सुरू,
जसं मीच काहीतरी खोटं सांगत होते.

सत्त्याण्णवची सिएलो.
बनवणारी कंपनी कधीच बुडाली,
विकली त्या शोरूममध्ये आता शालू मिळतात.
सेक्रेटरी पोंक्षे जिन्यातून विचारतात,
गाडी आहे की नवस?

दस्तगीरभाई घोरपडी पेठेतून रिक्षानं आले.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसऱ्याला तारीख मिळत नाही.
म्हणाले, कागदाची यू-पिन द्या.
डॅशबोर्डखाली बारा भोकांचं काळं सॉकेट,
बोटांनीच चाचपून दोन भोकं जोडली त्यांनी.
आता तो पिवळा दिवा. मला उजेडात दिसत नाही,
तुम्ही मोजा, बाई.

शाळेची प्रयोगशाळा सांभाळली सत्तावीस वर्षं.
मोज म्हटलं की मी मोजते.
चार. थांबला. दोन.
चार. थांबला. दोन.
बेचाळीस, ते म्हणाले, ठिणगीचा घोळ.
आणि आंधळ्या बाजूनं हसले.

नाना पेठेत पारसमलनं आधी चहा मागवला,
मग नाही म्हणाला.
मग माळ्यावर चढला, आणि धुळीसकट
एक कोरियन अक्षरांची डबी उतरवली:
बिस्किटाएवढं इग्निशन मॉड्यूल.
भाव सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मोठी पेटी कुदळवाडीच्या भंगारात,
मागून चेपलेल्या गाडीची,
डोकं मात्र शाबूत.

बॅटरीची ऋण तार आधी.
मॉड्यूलखाली पांढरी पेस्ट, घडीच्या पोळीला
आतून तेल लावतात तेवढीच.
ही विसरलात तर आठवड्यात जळेल.
मग बाजूच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथलं पॅनेल,
चार स्क्रू, त्यातला एक गंजून मस्तवाल.
लोखंडाला हात लावा आधी, बाई,
अंगातली वीज जाऊ दे.
जुन्या पेटीतली चिप काढून नवीत.
पेटी कुणाचीही चालते,
चिप मात्र ज्या इंजिनाची त्याचीच.

क्षणभर वाटलं, हिच्यात असेल सगळं,
महाबळेश्वर, आईला रुबीत नेलं ती रात्र,
मागच्या सीटवर सांडलेलं आमरस.
काही नाही.
कुठल्या वेगाला, किती तापल्यावर,
किती अंश आधी ठिणगी टाकायची,
एवढाच तक्ता. पाढ्यासारखा.
बरं वाटलं मला त्याचं.
खाच खाचेत बसली, टक् झालं.

पुन्हा यू-पिन.
एक. थांबला. दोन.
एक. थांबला. दोन.
बारा, मी घाबरून म्हटलं.
बारा म्हणजे तक्रार नाही, दस्तगीरभाई म्हणाले.
जगात बारा वाजले की बोंब,
हिच्यात बारा वाजले की झोपायला जायचं.
पोंक्षे जिन्यात होते. काही बोलले नाहीत,
हेही नोंदवून ठेवते.

रविवारी बोपदेव.
काटा मधोमध, उन्हात डांबर चमकतंय,
पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्याला माझा डावा हात
आपोआप धोक्याच्या दिव्यांच्या बटणावर,
पाय क्लचवर,
नजर कठड्याच्या त्या सपाट दगडावर,
जिथे माझी बसायची जागा झाली होती.
गाडी चढत राहिली.
मागच्या टेम्पोनं हॉर्न वाजवला,
अहो बाई, दिवे का लावलेत?