पंजे

ग्रीसमधल्या कुठल्याशा हॉटेलची ऑर्डर,
साडेतीनशे टॉवेल, सोबत एक चित्र:
तोंड बाईचं, खाली पक्षी.

व्यंकटेशम गड्डम यांनी चष्मा पुसला,
आलेखाचे चौकोन भरायला घेतले.
चेहरा जमला. पंख जमले.
पंजे तीनदा खोडले.

मालकाचा पोरगा म्हणाला, ही गाते काका,
ऐकणारा खलाशी नाव वळवतो, परत येत नाही.
सायरन म्हणतात.

आमच्यात भोंगा म्हणायचे, काका म्हणाले.
पहाटे ओरडला की बाप
अर्धी भाकरी तशीच ठेवून निघायचा.
मग एक दिवस ओरडलाच नाही.
तरी बाप उठला,
चपला घालून दारात उभा राहिला,
ऊन पायरीवर येईपर्यंत.

रात्री सत्तेम्मा मांडीवर सूप घेऊन
विड्या वळत होती,
पानाची टोकं नखानं आत दुमडत.
काकांनी पेन्सिल शोधली.
हात हलवू नको, म्हणाले.
हजार कोण पुरे करणार मग, ती म्हणाली,
आणि हलवतच राहिली.

सकाळी कार्डांना भोकं पडली.

माल गेला.
धागा सुटलेला एक टॉवेल घरी राहिला.
सत्तेम्मा त्याला ओले हात पुसते,
पंखांना, पंज्यांना.
तोंडाला लावत नाही.