विषय क्रमांक सात

सहा विषय पाऊण तासात उरकले:
गटार, पथदीप, फेरीधक्क्यावरची शेड,
भटक्या कुत्र्यांसाठी पुन्हा एक पत्र.
सातव्याला पंखा ऐकू येऊ लागला.

मी सचिव. मी विचारलं, काय नाव लिहू?
आरोग्य लिहा, कुणी म्हणालं. इतर लिहा.
इतर.
यंदा या बेटावरून तीन माणसं इतर झाली होती.
त्यांतल्या एकाचा बाप तिसऱ्या रांगेत
छत्री मांडीवर आडवी धरून बसला होता.
सरपंच आर्मिंदा म्हणाल्या, आहे तोच शब्द लिही.
आत्महत्या प्रतिबंध, गाव आराखडा.
पेन दोनदा अडलं.

तालुक्याहून नमुना आला होता, बारा रकान्यांचा.
जबाबदार व्यक्ती. कालावधी. अपेक्षित खर्च.
एक पंच म्हणाले, फलक लावू फेरीच्या तोंडावर,
मदतीचा नंबर चांगला ठळक.
लावू, ठरलं. अकराशे रुपये.
आणि परत पंखा.

तेव्हा म्हाळू तारी उठला.
चाळीस वर्षं खाजनाच्या मानशीवर काढलेला माणूस.
(मी सत्तरीची, डोंगरातली. मानस म्हणजे मन, एवढंच ठाऊक.
इथं बदली झाल्यावर कळलं, मानस म्हणजे बांधातलं दार,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं.)

"बांध काय एका रात्रीत फुटत नाही," तो म्हणाला.
"आधी कुर्ली बीळ करते. बोटाएवढं.
आम्ही पुनवेला, अमाशेला कंदील घेऊन चालायचो.
बीळ दिसलं की चिखल, पेंढा, वर पाय.
कुणाच्या शेतासमोर आहे ते विचारायचं नाही,
खारं पाणी शिरलं की सगळ्यांच्यात शिरतं.
आता सांगा, माणसांच्या बांधावर कोण चालतं?"

कुणीच नाही बोललं. मग सगळीच बोलू लागली.
कुस्तोद पोदेर म्हणाला, पावाची पिशवी
दाराला दुपारपर्यंत तशीच लटकते,
दिसतं मला, पण मी पुढे जातो, पाव थंड होतात.
बारवाला म्हणाला, उधारी न फेडणाऱ्याचं काही नाही,
एका संध्याकाळी अचानक सगळी फेडून
हात मिळवून जातो, त्याचं भय वाटतं.
औषधांच्या दुकानातली शर्मिला म्हणाली,
विचारावंसं वाटतं हो, पण कुठल्या शब्दांत?
"सरळ शब्दांत," नर्सबाई म्हणाल्या,
"जीव द्यावासा वाटतो का, असंच.
विचारल्यानं ते कुणाच्या मनात शिरत नाही.
असलंच, तर बाहेर यायला वाट मिळते.
मग एकटं सोडायचं नाही. मला फोन करा. रात्रीही."

शेवटी तो बाप उभा राहिला. छत्री खाली पडली.
"आमच्या पोराला कुणी बघत नव्हतं असं नाही.
सगळे बघत होते. मीही.
प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी विचारील."
थोडा वेळ तो तसाच उभा.
"शनिवारी मला काम नसतं. माझं नाव घाला."

घातलं. जबाबदार व्यक्तीचा रकाना पुरेना,
समासात गेले, मग पाठीमागे.
अपेक्षित खर्च: कंदील नको, चहा.
लेखापरीक्षक आक्षेप घेणार, मला माहीत आहे.

माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
मी भाड्याच्या खोलीतली, मतदार दुसऱ्या गावची.
रविवारी उशिरापर्यंत पडून होते,
गेले बरेच रविवार पडून असते तशी.
पों-पों झालं. सायकल पुढे गेली नाही.
पुन्हा पों-पों.
"बाय," कुस्तोद बाहेरून म्हणाला, "उंडे गरम आहेत."
मग घसा खाकरला. त्याला जमत नव्हतं ते.
"आणि... बरी आहेस मगे?"

मी कडीला हात लावून उभी राहिले.
नाही, म्हटलं. तितकीशी नाही.

तो पायरीवर बसला. पाव थंड झाले.

आराखड्याला तालुक्याची मंजुरी
अजून यायची आहे.